बादलची मशीन

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. एकांची मशीन खरंच बिघडलेली असते. दुसऱ्यांची मशीन धडधाकट असते, काम त्यांना जमत नसतं, आणि बोलणी मात्र मशीनला बसतात. नाचता येईना अंगण वाकडं. दिग्रसच्या बसस्टँडजवळ दुकान टाकल्यापासून मी जास्त करून ही दुसरी जमातच पाहत आलो आहे. त्यामुळे गिऱ्हाइकानं तोंड उघडलं की त्यातलं अर्धं मी ऐकतच नाही, आणि उरलेलं अर्धं ऐकून कंटाळा येतो.

२०१७ साली तर कंटाळा करायलाही गिऱ्हाईक नव्हतं. जिनिंगच्या वजनकाट्यावरचे कॉम्प्युटर हे माझं मुख्य काम, आणि बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पोखरायला घेतल्यापासून जिनिंगवालेच हातावर हात धरून बसले होते. दसरा तोंडावर आला तरी बाजारात जीव नव्हता. सकाळी शटर वर करायचं, बाबासाहेबांच्या फोटोवरची धूळ पुसायची आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवत बसायचं, एवढंच चाललं होतं.

अशात आर्णीहून संगीताचा फोन आला.

“राजदीपभाऊ, आमची मशीन काही सुरू नाही होऊन राह्यली. फास्ट केली का बंद पडते. हळू ठेवली तं चालते, पन मंग ह्यायले चित्र साफ दिसत नाही म्हनतात. तुम्ही येऊन पाहा नं एकडाव.”

“बादललेच पाठव नं मशीन घेऊन.”

“त्यायले अजून गाडी नाही चालवता येत, भाऊ. कमजोरी हाय.”

संगीता म्हणजे बादल राठोडची बायको. बादलचं आर्णीत फोटोचं आणि मिक्सिंगचं दुकान. मिक्सिंग म्हणजे लग्नात काढलेल्या व्हिडिओची काटछाट करायची, गाणी टाकायची, नवरा-नवरीच्या नावाभोवती गुलाब फिरवायचे आणि त्याचा दोन-तीन तासांचा सिनेमा करून द्यायचा. त्याचा जुना कॉम्प्युटर मीच जोडून दिला होता. ही नवी मशीन मात्र त्यानं उन्हाळ्यात मला न विचारता नागपूरहून आणली होती. खरं सांगतो, याचा मला राग होता, आणि बिघडली म्हटल्यावर जरा बरंही वाटलं.

नागपूरच्या दुकानदारानं त्याला मेमरीच्या दोन महागड्या पट्ट्या घालून दिल्या होत्या. या पट्ट्या पळणाऱ्या, पण मशीन चालू केली की आपोआप साध्या चालीनंच चालतात. पळवायच्या असतील तर आतल्या सेटिंगमध्ये जाऊन तसं सांगावं लागतं. बादलनं तसं सांगितलं की मशीन सुरूच व्हायची नाही. शंकरपटाचा, शर्यतीचा म्हणून घेतलेला बैल घरी गाडीला नीट चालावा आणि पटावर सोडला की मटकन खाली बसावा, तसला प्रकार. त्या वर्षी नव्या आलेल्या मशीनींमध्ये हे दुखणं घरोघर होतं. मेमरीची चाल वाढवल्यानं चित्र साफ होत नसतं, हेही मला माहीत होतं. पण गिऱ्हाइकाचं अर्धं ऐकायचं नाही, या माझ्या नियमानं मी तेवढं सोडून दिलं आणि गाडीला किक मारली.

दिग्रस-आर्णी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. दिसायला असं पीक की दृष्ट लागावी. याच उंचीनं त्या पावसाळ्यात घात केला होता. पंपाचा फवारा वर मारावा लागायचा आणि औषध अंगावर, तोंडावर, डोळ्यांत परत यायचं. कितीतरी माणसं दवाखान्यात गेली, आणि सगळी परत आली नाहीत. बादलही दवाखान्यात गेलेल्यांतलाच. त्याच्याजवळ शेत नाही, पण साळ्याच्या शेतात फवारणीला मजूर मिळेना म्हणून हा कॅमेरा धरणारा माणूस पंप पाठीवर घेऊन गेला आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडला. मोठ्या दवाखान्यातून तो परत आला तेव्हा त्याच्या बाजूच्या खाटेवरचा माणूस आला नव्हता. जीव वाचला म्हटल्यावर त्यापुढचं काही विचारायची त्या वर्षी आमच्याकडे रीतच उरली नव्हती.

दुकानात संगीता दारातच साडीला पिको करत होती. आतल्या खोलीत काळा गॉगल लावून बादल स्क्रीनसमोर बसलेला.

“जयभीम, भाऊ,” तो माझ्या आवाजाच्या दिशेनं म्हणाला.

“जय सेवालाल. खोलीत गॉगल घालून बसला, हिरोच झाला तू तं.”

“डाक्टरनं सांगतलं. उजेड लागू द्याचा नाही.”

तो वाळला होता. शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसत होता. मला कसंतरी झालं, आणि असं झालं की मी जरा जास्तच चिडचिड करतो. “एवढी मोठी मशीन आनली, मले एक फोन नाही केला,” मी म्हटलं. तो कसनुसा हसला.

“भाऊ, आज होऊन गेली पाह्यजे,” संगीता दारातून म्हणाली. “नायक येनार हाय आज.”

हे नायक म्हणजे त्यांच्या बंजारा तांड्याचे प्रमुख, प्रेमसिंग नायक. त्यांच्या मुलीचं, उर्वशीचं, लग्न वैशाखात झालं आणि त्याचा सिनेमा बादलकडे होता. दसऱ्याला पोरगी माहेरी येणार, तेव्हा साऱ्या तांड्यानं बसून तो पाहायचा, असं नायकानं जाहीर करून टाकलं होतं. तांड्यात नायकानं एकदा बोलून दाखवलं की त्यावर कोणी बोलत नाही. नायकाच्या घरचं काम ज्या दुकानात, तुळशीच्या लग्नानंतर तांड्यातली सगळी लग्नं त्याच दुकानात. आणि आजूबाजूचे तांडेही तिकडेच पाहून चालतात. पुसदला एकानं आकाशात उडणारा कॅमेरा आणला होता आणि त्याची माणसं नायकाकडे दोनदा चहा पिऊन गेली होती. नायकानं उर्वशीच्या लग्नाची कॅसेट, म्हणजे आता कॅसेट कुठली, पण म्हणायचं तसंच, ती उचलून पुसदला दिली असती तर बादलच्या दुकानाचं शटर खाली आलं असतं. पंप धरण्याइतकी ताकद आता अंगात नव्हती आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं. बसस्टँडवर पासपोर्ट फोटो काढून कोणाचं घर चालत नाही.

मी कामाला लागलो.

साध्या चालीवर मशीन सुरू झाली. आत जाऊन चाल वाढवली, पुन्हा चालू केली, आणि पंखा फिरायला लागला, लाल दिवा लागला, स्क्रीन काळी. थोड्या वेळानं मशीन आपणच बंद पडली, आपणच सुरू झाली, पुन्हा काळी. कव्हर उघडून पेचकसानं दोन काड्या जोडल्या, म्हणजे मशीन आपली सगळी सेटिंग विसरते आणि पहिल्यासारखी उठते. उठली. पुन्हा चाल वाढवली. पुन्हा काळी.

एक पट्टी काढून ठेवली. एकट्या पट्टीवर एकदा सुरू झाल्यासारखी वाटली आणि आशा लावून बंद पडली. पट्ट्यांच्या जागा बदलल्या. नागपूरवाल्यानं त्या चुकीच्या खाचांत बसवल्या होत्या. त्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या, आणि हे बादलला मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. योग्य खाचांत बसवूनही काळीच. प्रत्येक वेळी तोच पंखा, तोच लाल दिवा, तीच वाट पाहणं. या धंद्यात माणूस म्हातारा होतो तो कामानं नाही, या वाट पाहण्यानं.

“हे धर,” म्हणून मी पेचकस मागे केला, तर बादलनं तो घेतला नाही. पेचकस खाली पडला. मी चिडून उचलला आणि कामाला लागलो.

आता एकच उपाय राहिला होता, मशीनच्या आतला मूळ प्रोग्राम नवा टाकायचा. मी तो पेनड्राइव्हवर आणला होता. पण तो चढत असताना लाइट गेली तर मशीन कायमची मेली, आणि आर्णीची लाइट कधी जाईल ते लाइटवाल्यांनाही माहीत नसतं. “इन्व्हर्टर हाय का?” मी विचारलं. संगीतानं शेजारच्या मेडिकलवाल्याकडून तार ओढून आणली. प्रोग्राम चढत होता तोवर ती पायानं शिलाईची मशीन मारायची थांबली होती, जणू पिकोच्या आवाजानंही लाइट जाईल. बादल हात मांडीवर ठेवून बसून होता. त्याचं माझ्याकडे किंवा स्क्रीनकडे फारसं लक्षच दिसत नव्हतं. एवढ्या मरमर कामात माणसाचं लक्ष नसावं याचाही मला राग आला.

प्रोग्राम चढला. चाल पूर्ण न वाढवता मी एक पायरी खाली ठेवली, आणि मशीन उठली. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली, मग निळं, मग बादलनं लावलेला संत सेवालाल महाराजांचा फोटो. पूर्ण चालीवर घेऊन पाहिली तर पुन्हा बसली. परत एक पायरी खाली आणली, उठली. म्हणजे हिची ताकद एवढीच. पण पहिल्यापेक्षा ही चाल खूपच चांगली होती.

“झाली बापा एकदाची!” मी कंबर सरळ केली. “पूर्ण नाही पळत, पन जेवढी पळते तेवढीत तुहे दहा सिनेमे होतीन. चहा आन संगीता.”

संगीता हसली, चहा ठेवायला गेली आणि पातेलं गॅसवर ठेवून लगेच परत आली. मी उर्वशीच्या लग्नाचा सिनेमा लावला. हळद, वाजंत्री, पंगत, डफ वाजवणारी म्हातारी माणसं, सगळं कसं सरसर पळत होतं. चित्र इतकं साफ की नवरीच्या कानातल्या झुब्याचे मणी मोजून घ्यावेत.

“कसं हाय आता?” मी विचारलं.

बादल पुढे वाकला. गॉगल वर केला, खाली केला. “धुरकटच हाय, भाऊ.”

माझं डोकं सणकलं. “बादल, सकायपासून तुही मशीन पाहून राह्यलो मी. धुरकट कुठं हाय सांग. बोट ठेवून दाखव.”

“पुढे असन. मांगच्या भागात असन. थे ढावलो पाहा नं.”

मी सिनेमा पुढे सरकवला. ढावलो म्हणजे गोर, म्हणजे बंजारा, लोकांत सासरी निघताना नवरी एकेका माणसाच्या गळ्यात पडून, त्याला हाका मारत, गात रडते ते. मिक्सिंगवाले बहुतेक त्यावर कुठलंतरी बिदाईचं सिनेमाचं गाणं चढवतात, कारण नुसतं रडणं कोण ऐकत बसणार. बादलनं तसं केलं नव्हतं. उर्वशीचा आवाज जसाच्या तसा ठेवला होता. एका कॅमेऱ्याचा आवाज दुसऱ्याला असा जोडला होता की सांधा कळत नव्हता. मी गोर माणूस नाही, मला शब्द पूर्ण समजत नाहीत, पण हातातलं काम सोडून मी ऐकत राहिलो. याचं काम चांगलंच होतं. हे त्याला कधी तोंडावर सांगितलं नव्हतं.

“याडी…” उर्वशी गात होती. याडी म्हणजे आई, एवढं मलाही येतं. आणि पडद्यावर ती एका झुबकेदार मिशांच्या माणसाच्या गळ्यात पडली होती.

संगीताला आधी हसूच आलं. “अवं माय, हे तं मामा हाय तिचे!”

“याडी ये…” आवाज चालू होता. मिशांच्या माणसानं नाक पुसलं. मग आवाजात बाप आला, आणि पडद्यावर आला पंगतीत बुंदी वाढणारा माणूस. मग भावाला हाक, आणि पडद्यावर नुसतं जनरेटर. संगीताचं हसू कधीच थांबलं होतं.

मी सिनेमा थांबवला. पडद्यावर जनरेटर स्वच्छ दिसत होतं, त्याच्यावर लिहिलेलं मालकाचं नाव आणि मोबाइल नंबरसुद्धा वाचता येत होता.

“हे कधी जोडलं, बादल?”

त्यानं गॉगल नाकावर नीट केला.

“दवाखान्यातून आल्यावर?”

“हो.”

“कायच्या भरोशावर जोडलं?”

“आवाजाच्या,” तो म्हणाला. “आवाज तं बराबर हाय नं, भाऊ?”

एवढं बोलून त्यानं गॉगल काढून टेबलावर ठेवला. डोळे लाल नव्हते, सुजलेले नव्हते, चांगले डोळे होते. फक्त ते माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला पाहत होते.

“उजेड दिसते,” तो म्हणाला. “मानूस हालला तं दिसते. चेहरा नाही दिसत. तुम्ही कुठी हाय थे दिसते, पन तुम्हीच हाय हे नाही दिसत.”

तेव्हा मला पेचकस आठवला आणि माझी मलाच लाज वाटली. दिवसभर मी त्या माणसाच्या डोळ्यांदेखत पट्ट्या काढत-घालत होतो, त्याला बोट ठेवून दाखव म्हणत होतो, आणि माझं सगळं लक्ष एका लाल दिव्याकडे होतं. गिऱ्हाइकाचं अर्धं न ऐकण्याची माझी हुशारी मला त्या दिवशी पुरती महागात पडली.

“मले काहून नाही सांगतलं?” संगीता म्हणाली.

“सांगून काय केलं असतं तू? रडली असती.”

“रडली असती तं रडली असती! एकट्यानं कायले राह्यले यवढे दिवस? मी म्हनो का कमजोरी हाय, म्हनून भाजी ताटाच्या बाहेर सांडते.” तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. “डाक्टर काय म्हनला? खरं सांगा.”

“म्हनला, नजर हळूहळू येते. कोनाची येते, कोनाची नाही येत. दिवाळीनंतर बलावलं पाह्याले.”

गॅसवर चहा उतू गेल्याचा वास आला. कोणी उठलं नाही. मग मीच उठून गॅस बंद केला, कारण त्या खोलीत काहीतरी करता येण्यासारखं एवढंच होतं.

“मंग मले कायले बलावलं?” मी परत येऊन म्हटलं. “मशीन तं चांगलीच होती.”

“मशीन बिघडली म्हनलं का लोक थांबतात, भाऊ,” बादल शांतपणे म्हणाला. “म्हनतात, सामान येईन, मिस्त्री येईन, होईन. डोये बिघडले म्हनलं का कोन थांबते? एकडाव तोंडातून निंगलं का बादलले दिसत नाही, मंग डोये आले तरी हातात कॅमेरा कोनी देत नाही. जनमभर इचारतीन, आता दिसते नं बरं? फास्ट केली का बंद पडते हे मले समजलं तवा मले लय चांगलं वाटलं. संगीतानं तुम्हाले फोन लावला, मी नाही म्हनू नाही शकलो. आन तुम्ही तं ठीकच करून टाकली.”

इतक्या वर्षांत मशीन दुरुस्त केली म्हणून माझ्यावर कोणी अशी तक्रार केली नव्हती.

“मी पाह्यतो नं,” संगीता म्हणाली. “तुम्ही आयका, मी पाह्यतो. कोन याडी, कोन मामा, मी सांगतो. शिकून घेतो मी.”

“घे शिकून. म्या कधी नाही म्हनलं? पन आज काय दाखवतं नायकाले? याडीच्या जागी मामा?” तो माझ्याकडे वळला, म्हणजे मी असेन असं त्याला वाटलं तिकडे. “भाऊ, थे फास्टवालं पुन्हा लावून द्या. पुरं लावा. सुरू नाही झाली पाह्यजे.”

“मी?” मी म्हटलं. “मी मशीन बंद पाडाले नाही आलो, बादल. मी असं काम करत नाही.”

खरंच करत नाही. वाकडातिकडा असेन, तोंडाचा फटकळ असेन, पण चालू मशीन बंद करून देणाऱ्यांतला मी नाही. तसली माणसं या धंद्यात खूप आहेत आणि मी त्यांच्या नावानं बोटं मोडत आलो आहे. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि समोरच्या टपरीवरच्या माणसांचे “राम राम, नायक” ऐकू आले. तांड्यातली पाच-सहा माणसं बाजारासाठी आली होती आणि तिथं चहा पीत उभी होती. संगीता माझ्याकडे पाहत होती. काही म्हणाली असती तर मी बहुतेक भांडलो असतो.

मी सेटिंगमध्ये जाऊन चाल पूर्ण वाढवली आणि मशीन पुन्हा चालू केली. पंखा फिरला, लाल दिवा लागला, स्क्रीन काळी झाली. आता आम्हा तिघांनाही सारखंच दिसत होतं.

प्रेमसिंग नायक आत आले. पांढरा सदरा, पांढरं पागोटं, सत्तरी गाठलेला पण ताठ माणूस. संगीतानं पदर घेतला, बादल उठून उभा राहिला.

“झाला का रे सिनेमा?”

“मशीन सुरू नाही होऊन राह्यली, नायक,” बादल म्हणाला. “हे दिग्रसचे मिस्त्री आले हाय. सकायपासून लागले हाय.”

नायकांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्या माणसासमोर जड गेलं. “मेमरी पकडत नाही,” मी म्हटलं. “सुरू होते अन् बसते. हे पाहा.” मी बटण दाबून दाखवलं. पंखा, दिवा, काळी स्क्रीन.

“कवा होईन मंग?”

“सामान लागन नागपूरचं. दिवाळीलोक तरी नाही होत.”

नायकांचा चेहरा पडला. “म्या साऱ्या तांड्याले सांगून ठेवलं दसऱ्याचं. पोरगी येनार हाय, जावई येनार हाय. पुसदवाले रोज फोन करतात का आमच्याकडे द्या, आठवड्यात देतो. म्या म्हनलं, पोरगं आपलं हाय, त्याच्याच हातचं पाह्यजे. आता काय सांगू मी लोकाइले?” ते रागावले नव्हते, थकले होते, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. बादल मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, आता नायक लग्नाची ती कॅसेट मागून घेतील आणि सगळं संपेल.

ते खुर्चीवर बसले. “तब्बेत कशी हाय तुही?”

“चांगली हाय, नायक.”

“वाचला बाबा तू. सेवालाल महाराजांची किरपा.” मग आठवण झाल्यासारखं त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बोटानं खालीवर करत एक फोटो शोधला आणि बादलपुढे धरला. “हे पाह्य. उर्वशीनं पाठवला. पोहरादेवीले दर्शनाले गेलती जावयासंगं. तू काढतं तसा नाही आला, पन पाह्य.”

बादलनं मोबाइल हातात घेतला. घेताना त्याचा अंगठा बाजूच्या बटणावर पडला आणि मोबाइलची स्क्रीन विझली. संगीताचा हात पुढे आला आणि तिथंच थांबला. बादलनं तो काळा मोबाइल डोळ्यांजवळ नेला, थोडा लांब धरला, चेहऱ्यावर कौतुक आणलं.

“लय चांगला आला, नायक,” तो म्हणाला. “कशी हासून राह्यली बाई.”

नायकांनी त्याच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. मग त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी नजर चुकवली, आणि चुकवली तिथंच त्यांना सगळं कळलं असणार. त्यांनी मोबाइल परत घेतला, सावकाश खिशात ठेवला आणि बादलच्या पाठीवर हात ठेवला. हात बराच वेळ तिथंच होता.

“मिस्त्री,” ते मला म्हणाले, “घाई नोका करू. बारीक काम असते हे. होयाचं तवा होईन.”

ते बाहेर गेले. टपरी दारासमोरच, त्यामुळे शब्दन् शब्द आत ऐकू येत होता.

“आयका रे. बादलची मशीन बिघडली हाय. दसऱ्याले सिनेमा नाही होत. तुळशीच्या लगनानंतर ज्याच्या ज्याच्या घरी काज हाय, त्यायनं बादललेच सांगाचं. पुसदले कोनी जायाचं नाही.”

“कवालोक थांबाचं, नायक?” कोणीतरी विचारलं.

“मशीन ठीक होयेलोक.”

“अन् नाहीच झाली तं?”

आत बादल भिंतीला हात लावून उभा होता. बाहेर कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“नाही झाली तं बिना सिनेमाचे लगन लावू,” नायक म्हणाले. “आपल्या बापाईनं का सिनेमे काढून लगनं केले व्हते?”

टपरीवर सगळे हसले. आत संगीतानं तोंडाला पदर लावला. बादल चाचपडत आपल्या खुर्चीशी आला, बसला आणि ढसाढसा रडायला लागला, आणि या वेळी त्यानं आमच्यापैकी कोणापासूनही ते लपवलं नाही.